दौलत वल्द सोमा, इयत्ता पाचवी

शाळेत मी एकोणतीस वर्षं काढली आणि एकाही पोराला एक अक्षर शिकवलं नाही. मी शाळेची लिपिक होते. माझे यजमान याच शाळेत लिपिक होते. ते अचानक गेले आणि अनुकंपेवर त्यांची खुर्ची मला मिळाली. आमच्याकडे शाळेच्या लिपिकाला 'बाबू' म्हणतात. बाबूच्या खुर्चीवर बाई बसलेली पोरांनी पहिल्यांदाच पाहिली. मला काय म्हणावं हे त्यांना दोन-चार दिवस सुचेना. मग कोणीतरी 'बाबूमॅडम' म्हणालं, आणि तेच नाव निवृत्तीपर्यंत राहिलं. आजही बाजारात मागून "ओ बाबूमॅडम" अशी हाक आली की समजावं, हा आपल्याच शाळेचा नग आहे.

आमचं हायस्कूल जुनं, इंग्रजांच्या काळातलं. एका कापूस व्यापाऱ्यानं दिलेल्या जागेवर उभी राहिलेली लांबच लांब कौलारू इमारत, मधे चौक आणि चौकात चिंचेचं झाड. आसपासच्या खेड्यांत तेव्हा चौथीच्या पुढे शाळाच नव्हती. पाचवीला इंग्रजी सुरू व्हायचं ते आमच्याकडेच. त्यामुळे पोरं कोसन् कोस पायी यायची आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की व्हरांड्यातच मुक्काम करायची. पुढे शाळेला गच्चीची नवी इमारत आली, अकरावी-बारावीचे वर्ग आले, संगणक आले. माझ्या कपाटात मात्र सगळ्यात मोलाची वस्तू तीच राहिली जी पहिल्या दिवसापासून होती. दाखल-खारीज रजिस्टर.

ज्यांचा शाळेच्या कचेरीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. मूल शाळेत आलं की त्याची या रजिस्टरात एक ओळ होते: दाखल क्रमांक, नाव, बापाचं नाव, जात, गाव, जन्मतारीख, कोणत्या वर्गात घेतलं. मूल शाळा सोडतं तेव्हा त्याच ओळीत पुढचे रकाने भरतात: कधी सोडली, का सोडली, वर्तन कसं होतं. एका माणसाला एकच ओळ. लिहिल्यावर खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, आणि रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं नाही. माणूस मेला तरी त्याची ओळ राहते, आणि कधी कधी नातवाला ती लागते.

या ओळींसाठी माझ्या टेबलापुढे कोण कोण येऊन गेलं! एकदा एसटीचे एक वाहक आले. निवृत्तीला सहा महिने होते. म्हणाले, "मॅडम, मी खरं तर दोन वर्षं उशिरा जन्मलो. माझी आई सांगते." मी म्हटलं, आईंना आणा. तर म्हणाले, ती वारून दहा वर्षं झाली. एकदा सत्तरीच्या एक बाई आल्या. त्यांना दाखला नको होता, उताराही नको होता, फक्त आपलं नाव पाहायचं होतं. लग्नात सासरच्यांनी नाव बदललेलं. "कुसुम होतं माह्यं नाव. पन्नास वर्षांत कोणी हाक नाई मारली." मी जुना खंड काढून ओळ दाखवली. त्यांनी त्या नावावरून बोट फिरवलं, चष्मा पुसला आणि मला "येतो बाई" म्हणून निघून गेल्या.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण मला आज लिहायचंय ते एकाच ओळीबद्दल. ती ओळ माझ्या हलगर्जीपणानं हरवली होती.

माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती. दिनेश नगराळे आणि त्यांची मुलगी श्रावस्ती कचेरीत आले. श्रावस्ती आमच्याच शाळेची, पाचवीपासून बारावीपर्यंत. हुशार तर होतीच, पण तिचं आणखी एक होतं. प्रयोगशाळेतलं भांडं फुटलं तर स्वतः येऊन सांगणारी ती एकटी पोरगी. दिनेशभाऊ सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात वॉर्डबॉय. रोज एसटीनं जाणं-येणं. पोरीनं लहानपणापासून बापाकडून दवाखान्याच्या गोष्टी ऐकल्या आणि डॉक्टर व्हायचं ठरवलं. त्या वर्षी तिनं मेडिकलच्या परीक्षेत नंबर काढला आणि सरकारी कॉलेजात तिला जागा मिळाली. शाळेच्या फाटकावर तिच्या नावाचा फलकही लागला होता.

दिनेशभाऊंनी टेबलावर एक पत्र ठेवलं. "मॅडम, व्हॅलिडिटी अटकली."

जातीच्या दाखल्याची पडताळणी होते, तिला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. राखीव जागेवर प्रवेश घेणाऱ्याला ती लागते, आणि नगराळ्यांसारख्या बौद्ध कुटुंबांना पन्नास सालच्या आधीचा एक तरी कागद दाखवावा लागतो. घराण्याची धर्मांतराच्या आधीची जात त्यात लिहिलेली हवी. दिनेशभाऊंच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' होतं. त्यांच्या वडिलांचा जन्म आजोळी झालेला, त्यामुळे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वहीत त्यांची नोंद नव्हती. शेत नव्हतं, म्हणून सातबारा नव्हता.

"पण बाबा म्हणते का ते याच शाळेत होते," दिनेशभाऊ म्हणाले. "दोन वर्षं. स्वातंत्र्य भेटलं त्याच्या पुढच्या साली आले म्हणते. त्यायचा उतारा द्या, बस. कॉलेजनं बारा दिवस देले आहे."

मी कपाटाकडे पाहिलं. जुने खंड ओळीनं उभे होते. पहिला, दुसरा, तिसरा, आणि मग पाचवा. चौथा खंड नव्हता. तो नाही हे मला कपाट न उघडताही माहीत होतं, आणि एकोणीस वर्षं माहीत होतं.

शाळेचा शतकमहोत्सव झाला तेव्हा आमच्या देशकर गुरुजींनी शाळेचा इतिहास लिहायला घेतला होता. गुरुजी तेव्हाच निवृत्त होते. सारं गाव त्यांच्याकडे व्याकरण शिकलेलं. रस्त्यानं निघाले की माणसं सायकलवरून उतरायची. ते कचेरीत आले आणि म्हणाले, "बाई, चौथा खंड घरी नेतो. डोळ्यांनी दिवसभर बसवत नाही आता. आठ दिवसांत आणतो." त्यांच्यापुढे वही सरकवून 'गुरुजी, सही करा' म्हणायची मला लाज वाटली. मी खंड त्यांच्या हातात दिला. महिन्याभरात गुरुजी वारले. तेराव्याआधी त्या घरी जाऊन रजिस्टर मागणं जमलं नाही, तेराव्यानंतर मुलगा घर विकून गेला, आणि मग मी गप्प बसले. तपासणीला येणारे अधिकारी चालू रजिस्टर पाहत. चौथ्या खंडाचं कोणी विचारलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही.

"परवा या," मी म्हटलं.

श्रावस्ती जागची हलली नाही. "मॅडम, सापडते ना?"

"पाहते," मी म्हटलं, आणि तिच्या डोळ्यांकडे न पाहता कॉम्प्युटरकडे वळले. एकोणतीस वर्षांत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी नगराळ्यांच्या घरी गेले. अंगणात निंबाखाली बाजेवर श्रावस्तीचे आजोबा बसले होते. दौलतराव. वय शहाऐंशी, पांढरी बंडी, पाठ ताठ. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. खंड मीच दिला, सही मी घेतली नाही, आणि इतकी वर्षं लपवून ठेवलं तेही मीच.

दिनेशभाऊंचा चेहरा उतरला. श्रावस्तीची आई दारातून आत गेली. दौलतराव मात्र म्हणाले, "बसा पह्यले. चहा घ्या. मांगचं मांगं राहू द्या, बाई. आता ते बुक कुठी असंल ते सांगा."

"गुरुजींच्या मुलाकडे असलं तर. हायवेवर जाम गाव आहे ना, तिथं असतो म्हणे. चौकात दुकान आहे."

"मंग जा ना जामले. काऊन बसल्या अठी?"

मला हसू आलं आणि रडूही. चहा येईपर्यंत म्हाताऱ्यांनी आपली शाळा सांगितली. गावाहून पायी येत, दोन तास लागत. फडक्यात भाकर आणि कांदा. इंग्रजीची बाराखडी त्यांनी वाटेनं म्हणत म्हणत पाठ केली, कारण घरी दिवा फक्त जेवणापुरता लागे. "गणितात माह्या हात कोणी धरत नव्हता. मास्तर सगळ्यायचे हिशेब तपासे, माह्या नाई तपासे. म्हणे, तुह्यं बरोबरच असते." ते थांबले. "पाणी मात्र वरून टाके आमच्या ओंजळीत. माठाले हात नाई लावू देत. तरी शाळा मले गोड लागे बापा. लयच गोड लागे."

"मग सोडली कशी?"

"बाप आजारी पडला. मी जिनिंगमधी लागलो, सरकी उचलाले. कोणाले सांगतलंच नाई. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करता करता राह्यलंच."

त्याच दिवशी मी रजा टाकली आणि श्रावस्तीला घेऊन वर्ध्याला गाडी बदलून जामला गेले. जामच्या चौकात ट्रकांची रांग, टायरवाले, धाबे, चहाच्या टपऱ्या. विचारत विचारत विनोद देशकरांचं दुकान सापडलं. शेतीची अवजारं, दोर, ताडपत्र्या. विनोदभाऊंनी मला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी रजिस्टराचं विचारलं तर त्यांनी मान हलवली.

"बाबूजींचे कागद तर रद्दीत गेले, मॅडम. घर विकलं तेव्हा दोन पोती निघाले. कोण वाचणार होतं?"

श्रावस्तीनं माझा हात धरला. मी विनोदभाऊंना हातानं आकार करून दाखवला. एवढं मोठं, जाड पुठ्ठ्याचं, खाकी कापडाची बांधणी, पाठीवर चारचा आकडा.

तेवढ्यात आतल्या दारातून विनोदभाऊंची बायको म्हणाली, "अवं, ते पूजेचं बुक तर नाई म्हणून राह्यल्या ह्या?"

"कोणतं पूजेचं?"

"बाबूजींचं. दसऱ्याले मांडतो ते."

ती आत गेली आणि लाल कापडात बांधलेलं एक बोचकं दोन्ही हातांनी घेऊन आली. गाठ सोडली. खाकी पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाचे थरावर थर, आणि त्याखाली चारचा आकडा. सासऱ्यांनी शेवटच्या दिवसांत हे पुस्तक उशाशी ठेवलेलं तिनं पाहिलं होतं. काय आहे ते तिला माहीत नव्हतं, पण रद्दीत द्यायला तिचं मन झालं नाही. व्यापाऱ्याचं घर, दसऱ्याला वह्यांची पूजा होतेच; तिनं त्या पूजेत हेही ठेवलं. एकोणीस वर्षं.

"वहिनी," मी म्हटलं, "मी तुमच्या पाया पडू का?"

"इश्श, काय म्हणता!" ती दोन पावलं मागं सरली. मग श्रावस्तीला म्हणाली, "सांभाळून नेजो वं पोरी. पेपर जुना आहे."

दुकानातच ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर रजिस्टर ठेवून आम्ही पानं उलटली. काळी शाई तपकिरी झाली होती, पण अक्षर मोत्यासारखं. बरंच शोधावं लागलं नाही. अठ्ठेचाळीसच्या नव्या सालाच्या पहिल्याच ओळीत होतं: दौलत वल्द सोमा. जात महार. पेशा मजुरी. पुढे त्यांच्या खेड्याचं नाव, इयत्ता पाचवी. शाळा सोडल्याचं कारण: न कळविता गैरहजर. वर्तन: उत्तम.

श्रावस्तीनं ती ओळ दोनदा वाचली. तिसऱ्यांदा मोठ्यानं, विनोदभाऊंच्या बायकोला वाचून दाखवली.

'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. आमच्या मध्यप्रांताच्या जुन्या कागदांत नाव असंच लिहीत, आडनाव नाही. दुकानातल्या आनंदात माझ्या हे लक्षात आलं नाही. परतताना एसटीत आलं आणि मी पुन्हा धास्तावले. कागदावर नगराळे कुठंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मुख्याध्यापिका लोहकरे मॅडमना सगळा लेखी खुलासा दिला. त्यांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "याच्यावर मला कारवाई करावी लागेल, हे तुम्हाला माहीत आहे."

"हो मॅडम."

"ती नंतर करते. आधी पोरीचं काम." त्यांनी मूळ रजिस्टर जात पडताळणीच्या सुनावणीसाठी शाळेबाहेर न्यायची परवानगी लिहून दिली आणि खाली माझं नाव घालून जाड अक्षरात लिहिलं, 'श्रीमती मंदा काळबांडे यांच्याच हस्ते नेणे व आणणे.' माझ्याकडून वहीत सही घेतली. मी केली.

सुनावणी वर्ध्याला होती. मी, दौलतराव, दिनेशभाऊ आणि श्रावस्ती सकाळच्या गाडीनं निघालो. रजिस्टर माझ्या मांडीवर, दोन पिशव्यांत. पवनारच्या पुलावर गाडी आली तेव्हा दौलतरावांनी खिडकीतून धाम नदीला हात जोडले आणि मला म्हणाले, "मले काय विचारतीन ते?"

"जे आठवतं ते सांगा. जे आठवत नाही ते नाही म्हणा."

"आठवते तर सगळंच," ते म्हणाले.

सुनावणी घेणारे अधिकारी चाळिशीचे, शांत आणि काटेकोर. त्यांनी पुठ्ठ्यावरच्या कुंकवाकडे बोट केलं. मी खरं ते सांगितलं. ते किंचित हसले. मग पान काढून त्यांनी ओळ वाचली, शाई पाहिली, मागची-पुढची पानं पाहिली. शेवटी चष्म्यावरून दौलतरावांकडे पाहत म्हणाले, "नोंद खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. पण इथं आडनाव नाही, बाबा. त्या गावात दौलत आणि सोमा नावाची माणसं आणखीही असतील. हा दौलत म्हणजे तुम्हीच, हे मी कशावरून धरू? त्या शाळेतलं काही सांगता येईल?"

दौलतराव उठून उभे राहिले. दिनेशभाऊ हात द्यायला पुढे झाले तर त्यांनी हात बाजूला केला. "हाजरी सांगू का, साहेब?"

"कसली हजेरी?"

"वर्गाची. मास्तर रोज घे. दोन वर्षं ऐकली."

अधिकाऱ्यांनी रजिस्टर आपल्याकडे वळवलं आणि बोट त्या सालाच्या पहिल्या ओळीवर ठेवलं. दौलतरावांनी डोळे मिटले. शहाऐंशी वर्षांच्या त्या माणसाचा आवाज एकदम खणखणीत झाला. "गणपत वल्द महादेव. शेख रहीम वल्द शेख करीम..."

"थांबा," अधिकारी म्हणाले. त्यांचं बोट पान उतरून खाली गेलं, पुन्हा वर आलं. "ही नावं इथं नाहीत."

दौलतरावांनी डोळे उघडले. "आहे साहेब. गणपत पह्यला. नेहमीच पह्यला."

"पूर्ण यादीत नाही, बाबा. त्या वर्षी दाखल झालेली मुलं माझ्यासमोर आहेत."

श्रावस्ती आजोबांकडे पाहत होती. म्हाताऱ्यांचे ओठ हलत होते. स्वतःशीच ती नावं पुन्हा म्हणून पाहत असावेत. आणि तेवढ्यात मला कळलं. एकोणतीस वर्षं ज्या कामाला लोकांनी कारकुनी म्हटलं, ते काम त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उभं राहिलं.

"साहेब, मागचं वर्ष काढा."

"का?"

"नापास झालेल्या मुलाची नवी नोंद होत नाही. त्याची ओळ मागच्याच वर्षात राहते, तो नुसता त्याच वर्गात बसतो. हजेरीत आधी जुने घ्यायचे, मग नवे. आमच्याकडे अजूनही तसंच घेतात."

त्यांनी दोन पानं मागं उलटली. बोट हळूहळू खाली सरकलं आणि थांबलं. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं, "गणपत वल्द महादेव, इयत्ता पाचवी." आणखी चार ओळी खाली: "शेख रहीम वल्द शेख करीम." ते मागं टेकले. आता त्यांच्या आवाजात वेगळंच काहीतरी होतं. "पुढं म्हणा, बाबा."

दौलतरावांनी पुन्हा डोळे मिटले. "वामन वल्द रामजी. केशव वल्द बळीराम. मोतीलाल वल्द हिरालाल. जगन्नाथ वल्द नत्थू. पांडुरंग वल्द तुळशीराम..." प्रत्येक नावानंतर ते जरासे थांबत होते. तेवढ्या वेळात कोण्या काळी कोणीतरी 'हजर' म्हणत असेल. अधिकारी पुन्हा पुढच्या पानावर आले होते आणि त्यांचं बोट एकेका ओळीवरून खाली जात होतं. एकही नाव चुकलं नाही. वीसएक नावं झाली आणि शेवटी म्हाताऱ्यांनी म्हटलं, "शामराव वल्द डोमा. दौलत वल्द सोमा." आणि स्वतःच उत्तर दिलं, "हाजर!"

बाहेर बाकावर बसलेली माणसं दारातून डोकावून पाहू लागली.

अधिकाऱ्यांनी पानाकडे पाहिलं. "एक सांगा. इथं तर तुमची नोंद सगळ्यांत आधी आहे. मग हजेरीत शेवटी कसे?"

"दाखल मी सगळ्यायच्या पह्यले झालतो, साहेब. बाप मले पह्यल्याच दिवशी झुंजुमुंजु घेऊन आलता, शाळा उघडाच्या आधी." दौलतराव अगदी साधेपणानं सांगत होते. "हाजरीत आमचे दोघायचे नावं शेवटी घेत. शामरावचं अन् माह्यं. बसत बी शेवटीच."

अधिकाऱ्यांनी पेन टेबलावर ठेवलं. मग स्वतः उठून त्यांनी दौलतरावांना खुर्चीवर बसवलं आणि शिपायाला पाणी आणायला सांगितलं. जबाब लिहून झाला, गावाचं नाव, वडिलांचं नाव, दिनेशभाऊंच्या दाखल्यावरचं नाव, सगळं एकमेकांशी ताडून झालं, तेव्हा ते श्रावस्तीला म्हणाले, "आजोबांची स्मरणशक्ती घेतलीस का गं?"

"थोडी, सर."

"थोडी पुरणार नाही. मेडिकलला पाठांतर फार आहे."

बाहेर आल्यावर दिनेशभाऊंनी वडिलांना मिठी मारली. मी तरी तशी मिठी आमच्या भागात बाप-लेकाची पाहिली नव्हती. दौलतराव गुदमरून म्हणाले, "सोड बे, हाडं मोडतीन." मग आम्ही उपाहारगृहात बसून आलुबोंडे खाल्ले. दौलतरावांना गणपतची आठवण आली. "लय ढोर होता बिचारा. दोनदा नापास झाला. आज त्याच्याच पायी पोट्टी पास झाली पाह्या!" आणि ते इतके हसले की चहा बंडीवर सांडला.

मुदतीला तीन दिवस उरले असताना वैधता प्रमाणपत्र निघालं. दिनेशभाऊ ड्युटीच्या कपड्यांतच धावत शाळेत आले, मधली सुट्टी होती, आणि चौकात उभं राहून त्यांनी कागद डोक्यावर धरला. काय झालं ते अर्ध्या पोरांना कळलंही नव्हतं, तरी साऱ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. लोहकरे मॅडमनी सगळ्या वर्गांना गोरसपाक बिस्किटं वाटायला लावली.

माझ्यावर कारवाई झालीच. सेवापुस्तकात शेरा आला, 'अभिलेख हाताळण्यात निष्काळजीपणा'. तो मला मान्य आहे. विनोदभाऊंची बायको त्या घरात नसती, तर एका पोरीचं आयुष्य माझ्या संकोचापायी वाया गेलं असतं. नव्या लिपिकाला कार्यभार देताना मी पहिली गोष्ट हीच सांगितली: समोर कोणीही असो, सही घ्या.

प्रवेशासाठी श्रावस्तीला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. माझ्या नोकरीतला तो शेवटच्या काही दाखल्यांपैकी एक. ती समोर उभी होती, आजोबा तिच्या शेजारी खुर्चीत. मी चालू रजिस्टर उघडलं, तिची ओळ काढली, तारीख टाकली, वर्तन 'उत्तम' लिहिलं. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात आम्ही तीनच शब्द लिहितो, 'पुढील शिक्षणासाठी प्रवेश', आणि मी ते हजारो वेळा लिहिले असतील. त्या दिवशी मी लिहिलं, 'पुढील वैद्यकीय शिक्षणासाठी, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश'. रकाना अरुंद, अक्षरं शेजारच्या रकान्यात शिरली. माझ्या अख्ख्या नोकरीत माझं अक्षर कधी रेघेबाहेर गेलं नव्हतं.

मी ते जाऊ दिलं.